मुशी, पाकट आणि एक न घेतलेली शपथ : व्हितो व्होल्टेरा

रिकामा_संच (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एस. वाय.च्या वर्गात डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवत होतो. फळ्यावर 'लोटका-व्होल्टेरा' लिहिलं, भक्ष्य-भक्षकाची दोन समीकरणं मांडली, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे एकाच माणसाचं नाव-आडनाव आहे का?" वर्ग हसला, मीही हसलो. पण 'नाही, दोघं वेगळे' याच्यापुढे मला एक वाक्य बोलता येईना. सोळा वर्षं शिकवतोय हे! घरी येऊन वाचायला बसलो तो अजून उठलेलो नाही. जे हाती लागलं ते इथे टाकतो, जाणकारांनी भर घालावी.

व्हितोचा जन्म ३ मे १८६० चा, अँकोनाचा. एड्रियाटिक समुद्रावरचं हे बंदर तेव्हा पोपच्या राज्यात होतं. घर ज्यूंचं. त्याच सप्टेंबरात इटली एक करायला निघालेल्या पीडमाँटच्या राज्याच्या सैन्याने अँकोनाला वेढा घातला, तोफांचा मारा झाला, आणि एक गोळा थेट बाळाच्या पाळण्यापाशी पडून पाळण्याचा चुरा झाला असं सांगतात. बाळ वाचलं. इटली नावाचा देश अजून जाहीर व्हायचा होता, म्हणजे हा माणूस त्याच्या देशापेक्षा वर्षभराने मोठाच.

वडील कापडाचे व्यापारी. मुलगा दोन वर्षांचा असताना ते गेले. आई अँजेलिका आपल्या भावाच्या आधाराला गेली आणि व्हितो फ्लॉरेन्सला मामाकडे वाढला. तेराव्या वर्षी ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी वाचून पोरगं हिशोबाला बसलं, की पृथ्वी आणि चंद्र दोघंही ओढत असताना चंद्राकडे डागलेला गोळा जाईल कुठल्या वाटेने? वेळेचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, एका तुकड्यात ओढ बदलत नाही असं धरायचं आणि पायरी पायरीने पुढे सरकायचं. आज आपण हेच कॉम्प्युटरला करायला लावतो.

मामा बँकेत होता, व्हितोलाही तिथेच चिकटवावं असं घरच्यांचं मत. पोराची समजूत काढायला आईच्या नात्यातला एदुआर्दो अल्माजा नावाचा इंजिनियर बोलावला. तो व्हितोशी बोलला आणि उलट घरच्यांचीच समजूत काढून गेला. (१९०० साली व्हितोने याच अल्माजाच्या मुलीशी, व्हर्जिनियाशी लग्न केलं. समजूत काढायला जाताना पुढचा जावई भेटतोय हे त्याला कुठून ठाऊक असणार!)

पुढचं भराभर. १८७८ ला पिसा, तिथे एन्रिको बेत्तींसारखे गुरू. १८८२ ला पदवी, १८८३ ला तिथेच मेकॅनिक्सचा प्रोफेसर, वय २३. मग तुरीन, मग १९०० पासून रोम. १९०५ ला सिनेटर. इंटिग्रल इक्वेशन्सवर आजही त्याचं नाव आहे, आणि फंक्शनल ॲनालिसिसची पहिली कुदळ मारणाऱ्यांत तो धरला जातो.

आता मासे. त्याची मुलगी लुईझा, तिचा नवरा उम्बेर्तो द'अँकोना. आडनाव गावाचंच, माणूस प्राणिशास्त्रज्ञ. १९२५ च्या सुमारास हा फियुमे, त्रिएस्ते आणि व्हेनिस या एड्रियाटिकवरच्या बंदरांतल्या मासळीबाजारांचे जुने आकडे चाळत होता. बाजारात आलेल्या एकूण मासळीत मोठ्या खादाड माशांचा वाटा किती? फियुमेचे आकडे असे: १९१४ साली ११.९ टक्के, १९१५ ला २१.४, मग २२.१, २१.२, १९१८ ला थेट ३६.४. पुढे उतरणीला लागून १९२३ ला १०.७. मधे काय होतं? महायुद्ध. समुद्रात पाणसुरुंग आणि आरमार, मासेमारी जवळपास ठप्प.

मासेमारी थांबली तर मासे वाढणार हे कुणीही सांगेल. पण एकट्या भक्षकांचाच वाटा का वाढावा? हे कोडं जावयाने सासऱ्यांपुढे टाकलं. सासरे तेव्हा ६५ वर्षांचे. त्यांनी दोन समीकरणं लिहिली. छोटे मासे आपापले वाढतात, मोठ्यांशी गाठ पडली की कमी होतात. मोठे मासे खायला नसेल तर मरतात, छोटे मिळाले तर वाढतात. बास. यातून दोघांची संख्या गोल गोल फिरत राहते. गंमत सरासरी काढल्यावर कळते. छोट्यांची सरासरी ठरते मोठ्यांच्या मरणाच्या वेगावर, आणि मोठ्यांची सरासरी छोट्यांच्या वाढीच्या वेगावर! म्हणजे जाळं टाकलं की मोठ्यांचं मरण वाढतं, म्हणून छोट्यांची सरासरी वर. छोट्यांची वाढ खुंटते, म्हणून मोठ्यांची सरासरी खाली. जाळं थांबलं की नेमकं उलट. १९२६ साली हे छापून आलं.

आणि पाचच वर्षांनी, १९३१ साली, मुसोलिनीच्या सरकारने सगळ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. प्राध्यापक बाराशेच्या आसपास. नाही म्हणणारे बारा. त्यात गणितवाला एकच, हा.

मुलांना हे वर्गात सांगावं की सिलॅबस संपवावा, याच विचारात आहे.

खाडीकाठ

मस्त धागा. गणितात मला ३५ च्या वर कधी मिळाले नाहीत, तरी शेवटपर्यंत वाचला. एक विचारतो, ते 'मोठे खादाड मासे' म्हणजे नक्की कोण? नाव सांगा, मग आम्हाला कळेल.

रिकामा_संच

सेलाशियन. कूर्चेच्या सांगाड्याचे मासे. शार्क, स्केट, रे.

खाडीकाठ

म्हणजे मोरी, मुशी आणि पाकट! असं बोला की. आमच्याकडे लिलावात बांगडा, तारली टोपल्यांनी येते आणि मुशी बाजूला वेगळी आडवी पडलेली असते, तिची कातडी उलट्या हाताने चोळली तर पॉलिश पेपरसारखी लागते. पाकटाच्या शेपटीचा काटा लिलावाआधीच मोडून टाकतात.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मग तुमच्या हिशोबाने दर ऑगस्टात मुशी जास्त यायला पाहिजे. तसं काही दिसत नाही बुवा.

रिकामा_संच

प्रश्न फार चांगला आहे. दोन महिने फार थोडे. मुशी-पाकटांना पिल्लं कमी होतात आणि ती वयात यायला वर्षं लागतात. फियुमेत चार वर्षं जाळं थांबलं होतं. शिवाय आपली बंदी असते ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी, तिचं गणित वेगळं.

आडवा_छेद

थोडं मीठ टाकतो. बाजारातला वाटा म्हणजे समुद्रातला वाटा नव्हे. युद्धात मोठ्या बोटी बंद, लहान होड्या किनाऱ्यालगत, म्हणजे पकडण्याची जागा बदलली, जाळं बदललं. भाव बदलला की कुठला मासा बाजारात आणायचा आणि कुठला घरी खायचा हेही बदलतं. टक्केवारी यानेही हलू शकते. समीकरण सुंदर आहे म्हणून आकड्यांना पुरावा म्हणू नका. आणि तो सरासरीचा नियम माफक मासेमारीलाच लागू. जाळं छोट्यांच्या वाढीपेक्षा जड झालं तर दोघंही संपतात.

रिकामा_संच

मान्य. वर 'माफक' लिहायला हवं होतं.

पिवळी_डायरी

मासे सोडा, हे आमच्या बागेत घडलंय. पिठ्या ढेकूण दिसला म्हणून शेजारच्याच्या सांगण्यावरून जहाल फवारणी मारली. आठ दिवस बाग स्वच्छ. मग जो ढेकूण आला तो आधीच्या तिप्पट. कृषी खात्यातले एक निवृत्त काका बघायला आले, पान उलटं करून म्हणाले, "ढालकिडे कुठं गेले?" ढेकूण खाणारे ते किडे तर पहिल्याच फवारणीत मेले होते. औषध दोघांना मारतं, फायदा होतो ढेकणाला. म्हणजे तुमचं जाळं आणि माझा पंप एकच की!

आडवा_छेद

@पिवळी_डायरी, अगदी तेच, आणि याचं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांचं आहे. ऑस्ट्रेलियातून १८६८ साली चुकून एक खवले कीड तिकडे पोचली आणि बागाच्या बागा बसवल्या. मग तिचा शत्रू, तिकडचाच ढालकिडा, मुद्दाम आणून सोडला, कीड आटोक्यात आली. पुढे डीडीटी आलं, उरलीसुरली कीडही मारू म्हणून फवारलं, तर कीड वाढली. हा व्होल्टेराचा नियमच.

कोनमापक

माशांच्या नादात त्याचं खरं गणित राहून जातंय. २१ व्या वर्षी, पिसाला विद्यार्थी असताना, त्याने एक फंक्शन बांधलं. सगळीकडे डेरिव्हेटिव्ह आहे, तो मर्यादितही आहे, तरी रीमानच्या, म्हणजे आपण कॉलेजात शिकतो त्याच, पद्धतीने त्याचं इंटिग्रल काढता येत नाही. आपण बारावीत घोकतो ना, डिफरन्शिएट करा, परत इंटिग्रेट करा, मूळ फंक्शन हजर? या पोराने दाखवलं की दरवेळी नाही. कसं बांधलं? ० ते १ मधून तुकडे काढत जायचे, पण इतके लहान की उरलेल्या धुळीलाही लांबी शिल्लक राहते. मग प्रत्येक काढलेल्या भोकात एक थरथरणारं फंक्शन बसवायचं. धुळीच्या प्रत्येक कणापाशी डेरिव्हेटिव्ह कुदतो, आणि धुळीला लांबी आहे म्हणून रीमानची बेरीज कधी जुळतच नाही. वीस वर्षांनी लबेग या फ्रेंच गणितज्ञाने इंटिग्रल नव्याने मांडलं, त्यामागे असली त्रासदायक उदाहरणं होती.

माझ्या मते दोन समीकरणांपेक्षा हे थोर आहे. भांडायला तयार आहे.

तिरपा_डोळा

सगळं वाचलं. पण त्या शपथेचं कौतुक जरा हाताचं राखून करू या का? माणूस ७१ वर्षांचा, सिनेटर, सासर श्रीमंत, जगभर नाव. पॅरिसहून बोलावणी येतायत. त्याने नाही म्हटलं, ठीक. घरी तीन पोरं आणि भाड्याचं घर असलेल्या चाळीशीतल्या मास्तरने काय करायचं होतं? अकराशे अठ्ठ्याऐंशी लोक भ्याड होते असं म्हणणं फार सोपं आहे.

तळटीप_नको

@तिरपा_डोळा, बारा जणांत एदुआर्दो रुफिनी नावाचा कायद्याचा प्राध्यापक होता, वय तीस. त्याचा बाप फ्रांचेस्को रुफिनीही त्याच यादीत. कलेतिहासाचा लिओनेल्लो व्हेन्तुरी चाळिशीतच होता, त्याला पॅरिस गाठावं लागलं. तेव्हा सगळेच पिकली पानं नव्हती.

पण मुद्दा मला पटतो. शपथ घेणाऱ्यांतही गंमत आहे. कम्युनिस्टांना पक्षाचा नेता तोल्यात्तीचाच निरोप होता की शपथ घ्या पण जागा सोडू नका. तत्त्वज्ञ क्रोचेसारखा कडवा फॅसिस्टविरोधकही काहींना म्हणाला, वर्ग सोडलात तर तिथे कोण बसेल त्याचा विचार करा. टेन्सरवाला गणितज्ञ लेव्ही-चिव्हिता व्होल्टेराचाच रोममधला सहकारी, त्याच विचारांचा. त्याने आपली मतं बदलणार नाहीत अशी पुस्ती जोडून शपथ घेतली. अणुशास्त्रज्ञ फर्मीनेही घेतली. १९३८ साली ज्यूंविरुद्धचे वंशाचे कायदे आले तेव्हा लेव्ही-चिव्हिताला तरीही काढलंच, ज्यू म्हणून. फर्मीची बायको ज्यू, त्या डिसेंबरात तो स्टॉकहोमला नोबेल घ्यायला गेला तो परत आलाच नाही.

आणि व्होल्टेराचं 'नाही' अचानक उगवलेलं नव्हतं. १९२५ साली क्रोचेच्या फॅसिस्टविरोधी पत्रकावर त्याची सही आहे. तेव्हा तो लिंचेई या इटलीच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष होता, देशाच्या संशोधन परिषदेचाही पहिला अध्यक्ष तोच. दोन्ही खुर्च्या एकामागोमाग गेल्या. परिषदेवर रेडिओवाला मार्कोनी आला.

त्याने कुलगुरूंना लिहिलेलं उत्तर मला आवडतं. भाषणबाजी नाही. सार असं: माझी राजकीय मतं सर्वांना ठाऊक आहेत, पण ती दिसली ती फक्त सिनेटमधल्या माझ्या वागण्यातून, आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही असं राज्यघटनेचं ५१ वं कलम म्हणतं, तेव्हा आपल्या निमंत्रणाला मान देणं माझ्या मनाला पटत नाही. म्हणजे हुकूमशहाच्या तोंडावर त्याच्याच देशाची घटना फेकली, तीही कलमाच्या आकड्यासकट. गणितवाला शेवटी.

तिरपा_डोळा

कलमाचा आकडा टाकणं आवडलं. पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

आडवा_छेद

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर देव्हाऱ्यात बसवाल. १९१५ साली इटलीने युद्धात उतरावं म्हणून हाच माणूस हिरिरीने बोलत होता. नुसता बोलला नाही, ५५ व्या वर्षी लेफ्टनंट म्हणून भरती झाला. हवाई जहाजांवर, त्या फुगीर पिशव्यांवर, काम केलं, त्यांवरून तोफ डागून पाहिली. पेटणाऱ्या हायड्रोजनऐवजी हेलियम भरा हे त्याने सुचवलं. तेव्हा एड्रियाटिकमधली मासेमारी ज्या युद्धाने थांबवली, ते युद्ध यानेच मागितलेलं होतं. मला यात थोडा काव्यात्म न्याय दिसतो.

खाडीकाठ

अरे देवा. हे वर्गात नक्की सांगा सर.

गवतफुला_रे

लोटकाबद्दल कुणीच का बोलत नाही? बिचारा हायफनच्या डाव्या बाजूला असूनही उपराच.

रिकामा_संच

बरोबर. आल्फ्रेड लोटका न्यूयॉर्कला एका विमा कंपनीत आकडेमोड करायचा. त्याच्या १९२५ च्या पुस्तकात हीच समीकरणं आहेत. व्होल्टेराचं लेखन इंग्रजीत आल्यावर त्याने पत्र लिहून लक्षात आणून दिलं, व्होल्टेराने त्याचं श्रेय मान्य केलं. दोघांना एकमेकांचं काम माहीत नव्हतं. मात्र व्होल्टेरा तिथवर जावयामुळे अपघाताने पोचला असं समजू नका. जीवशास्त्रात आणि समाजशास्त्रात गणित कसं लावावं यावर त्याने रोममध्ये १९०१ सालीच भाषण दिलं होतं. बी पंचवीस वर्षं मातीत होतं.

तळटीप_नको

थोडं अवांतर, पण आपल्या माणसांना जवळचं. ज्या वर्षी हे माशांचं प्रकरण शिजत होतं, १९२५-२६, त्याच वर्षी एकोणीस-वीस वर्षांचा एक फ्रेंच पोरगा रोमला शिकायला होता आणि व्होल्टेरांच्या घरी त्याची ऊठबस होती. आंद्रे वेय, पुढचा मोठा गणितज्ञ. हाच वेय १९३० साली अलीगढला प्रोफेसर म्हणून आला आणि त्याने बोलावलेल्यांत एक होते गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी. बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या नावावर कोसंबींनी जो थट्टेचा लेख छापला तो वेयच्याच चिथावणीने. १९३२ साली कोसंबींचा भूमितीवरचा एक फ्रेंच लेख लिंचेई अकादमीच्या नियतकालिकात आला, ज्या अकादमीचा व्होल्टेरा एकेकाळी अध्यक्ष होता. पुढे ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले.

लिंचेईनेही पुढे शपथ मागितली. व्होल्टेराने तिथेही दिली नाही, १९३४ ला तिथूनही नाव गेलं.

गवतफुला_रे

मग शेवटी काय झालं त्याचं?

रिकामा_संच

पॅरिसला, इतर ठिकाणी व्याख्यानं देत राहिला. रोमजवळ आरिच्चाला घर होतं, तिथे बराच काळ असायचा. एका पोस्टकार्डावर त्याने लिहिलं होतं म्हणतात, की साम्राज्यं मरतात, युक्लिडची प्रमेयं मात्र तरुणच राहतात. १९३६ साली पोपच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. पोपच्या राज्यात जन्मलेल्या ज्यूला शेवटी पोपच्याच अंगणात जागा मिळाली.

१९३८ च्या कायद्यांनंतर इटलीतल्या ज्यू गणितज्ञांच्या जागा रिकाम्या झाल्या: लेव्ही-चिव्हिता, एन्रिक्वेस, फुबिनी, फानो. डिसेंबरात इटलीच्या गणितज्ञांच्या संघटनेची समिती भरली. या लोकांसाठी अवाक्षर नाही, चिंता कसली तर रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागा दुसऱ्या विषयांना जाऊ नयेत याची. हे वाचून मी पुस्तक मिटून चहा करायला उठलो.

११ ऑक्टोबर १९४० ला तो रोममध्ये गेला. आरिच्चाला पुरलंय. देशात त्याच्यावर मृत्युलेख वाचला तो त्या पोपच्या अकादमीनेच. तीन वर्षांनी, १९४३ च्या ऑक्टोबरात, जर्मन रोममधल्या ज्यूंना घरोघरून उचलत होते, तेव्हा त्याच्याही दारावर आले. यादीत नाव होतं. माणूस मेलाय हे त्यांना माहीत नव्हतं.

तिरपा_डोळा

...

कोनमापक

सिलॅबस राहू दे सर. सांगा वर्गात.

खाडीकाठ

धागा वर काढतो. काल मेव्हण्याला फोन केला, तो लिलावाचा हिशोब ठेवतो. म्हटलं, मुशी-पाकटाचा वाटा किती ते वर्षावार काढून दे, एका सरांना पाहिजे. म्हणाला, वह्या आहेत, बावीस वर्षांच्या आहेत. पण मोरी, मुशी, पाकट सगळं एकाच रकान्यात लिहितो, चालेल का?

रिकामा_संच

धावेल. फियुमेतही रकाना एकच होता. पत्ता व्यनि करा, दिवाळीच्या सुट्टीत येतो.